क्लच कोणाच्या पायाने जळतो?

अमरावती-अकोल्याकडे सध्या एक मत फार जोरात चालले आहे. डोंगरात जायचे तर मॅन्युअल गाडी घेऊ नये, सरळ ऑटोमॅटिक घ्यावी. थार घ्या, जिमनी घ्या, काहीही घ्या, पण क्लचचे लचांड नको. ‘काहून रे बाप्पा, चिखलदऱ्याच्या घाटात क्लच मारत कोण बसते?’ एवढे म्हटले की वाद संपला, असे म्हणणाऱ्याला वाटते. पुराव्यादाखल कोणाच्या तरी साडूची गाडी हजर असतेच. ती घाटात मागे सरकलेली असते, तिच्या क्लचचा वास पार मागच्या सीटपर्यंत गेलेला असतो, आणि शेवटी ती टोचन लावून परतवाड्याला आणलेली असते.

साडूच्या गाडीविषयी माझी तक्रार नाही. ती सरकली असेल, वासही आला असेल. साक्ष खरी आहे, निकाल चुकला आहे. गाडीत क्लच होता म्हणून ती अडकली, असे हे लोक म्हणतात. माझे म्हणणे असे की क्लचवर सारखा पाय होता म्हणून ती अडकली.

आधी त्या घाटाकडेच बघू, कारण उठसूट त्याचेच नाव घेतले जाते. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा साधारण ३० किलोमीटर. चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास, पायथ्याचा मुलूख ४०० च्या आतबाहेर. म्हणजे सगळा मिळून चढ ७०० मीटरचा, तोही किलोमीटर किलोमीटरवर वाटून दिलेला. डोंगरी रस्ता आखताना चढ साधारण ५ ते ८ टक्क्यांच्या आत ठेवावा असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. जुन्या वळणांवर तो पाळला जात नाही, आतल्या बाजूने वळताना रस्ता एकदम उभा लागतो, हे खरे. तरीही आठशे सीसीच्या मारुत्या माणसे भरभरून हा घाट वर्षानुवर्षे चढल्या आहेत. उंचीवर इंजिनाचा दम कमी पडतो, असेही एक कारण पुढे केले जाते. त्या उंचीवर हवा साधारण दहा टक्के विरळ असते, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेवढीच घटते. शंभरातली दहा गेली तर नव्वद उरतात, आणि टर्बो डिझेलवाल्याला तर ती दहा गेल्याचेही कळत नाही.

याच घाटातून रोज एसटी जाते. उभे प्रवासी धरून ती वर पोचते, आणि कोणी तिच्याविषयी ‘मॅन्युअल आहे बिचारी’ असे म्हणत नाही. पुढच्या सीटवर जागा मिळाली तर रस्त्याऐवजी चालकाच्या डाव्या पायाकडे बघत बसावे. वळण लागायच्या आधी, गाडी अजून जोरात असतानाच, तो गियर खाली घेतो. क्लच एकदाच पूर्ण दाबतो, एकदाच पूर्ण सोडतो, आणि पाय उचलून बाजूला फरशीवर टेकवतो. वळण पार होईपर्यंत ना गियरला हात, ना क्लचला पाय. इंजिन कण्हते, पण गाडी चालत राहते. मागच्या सीटवर बसलेल्याला गियर बदललेला कळतही नाही. चढावर गाडी चालवण्याची कला म्हणतात ती एवढीच आहे: गियर चढाच्या आधी ठरवायचा, चढावर नाही.

मग क्लच जळतो कुठे? तो जळतो श्रावणातल्या रविवारी, घाटात रांग लागते तेव्हा. समोरची गाडी पाच फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. आपला गडी ब्रेक लावत नाही. अर्धा क्लच आणि थोडी रेस यांच्यावर गाडी जागच्या जागी तोलून धरतो, शेजारचा कौतुकाने बघतो, आणि त्याला वाटते आपण मोठे ड्रायव्हर. आत काय चाललेले असते? क्लच प्लेट म्हणजे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबून धरलेली चकती. पेडल पूर्ण सोडलेले असले की ती घट्ट धरलेली असते, पूर्ण दाबलेले असले की मोकळी असते. या दोन्ही वेळी ती घासत नाही. घासते ती मधल्या अवस्थेत. गाडी सुटताना हे घासणे क्षणभराचे असते, त्यासाठीच ती बनवली आहे. रांगेत अर्धा तास तिला घासत ठेवले तर इंजिनाने लावलेला सगळा जोर चाकांपर्यंत न जाता तिथेच उष्णता होऊन बसतो.

अशी गाडी गॅरेजमध्ये उघडलेली एकदा बघावी. फ्लायव्हीलचा चकचकीत पृष्ठभाग जागोजाग निळा-जांभळा पडलेला असतो, त्यात बारीक तडे असतात. प्लेटचे अस्तर रिवेटपर्यंत उतरलेले, आणि उघड्या पडलेल्या रिवेटांनी लोखंडावर गोल चरे ओढलेले. आतली काळी भुकटी मिस्त्री फडक्याने झटकतो. घाट कोणता होता, गाडी किती वर्षांची होती, हे तो विचारत नाही. तो विचारतो, ‘चालवून कोण राह्यलं होतं?’ वरच्या सगळ्या वादाचे उत्तर त्या एका प्रश्नात आहे, पण ते ऐकायला तिथे साडू नसतो, फक्त त्याची गाडी असते.

हा पाय असा कोणी घडवला? आपण सगळे सपाट मुलखातले. अकोल्यात गाडी शिकायची तर चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल, तोही गर्दीत. शिकवणाऱ्याच्या बाजूला स्वतःचे क्लच-ब्रेक असतात, त्यामुळे पुलावर शिकाऊ पोरगा घाबरला की गाडी वर नेतो तो शिकवणारा, आणि पोराला वाटते आपण नेली. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १५ वा नियम वाचून पाहा. लायसन्सच्या चाचणीत उमेदवाराने उभ्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा नीट वापर करून, जराही मागे न सरकता पुन्हा सुरू करून दाखवली पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. उतारावर पटकन खालचा गियर घेता आला पाहिजे, हेही आहे. आपापल्या चाचणीत यातले काय काय झाले, हे प्रत्येकाने मनाशीच आठवावे. कायद्याने जे आधीच यायला हवे होते ते येत नाही, म्हणून लाखाच्या वर जास्त मोजून दुसरा गिअरबॉक्स घ्यायचा, हा खरेदीचा हिशेब झाला. त्याला तंत्रज्ञानाचा निष्कर्ष म्हणू नये.

आणि मागे सरकण्याचेच भय असेल तर त्याला हँडब्रेक पुरतो. हँडब्रेक ओढा, गियर टाका, क्लच इतका सोडा की गाडीचे नाक किंचित उचलले जाईल, मग हँडब्रेक सोडा. तेही नको असेल तर जिमनीच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हिल होल्ड आहे. ब्रेकवरून पाय काढल्यावर ती क्षणभर गाडी धरून ठेवते. म्हणजे ज्या सोयीसाठी ऑटोमॅटिक हवी असे सांगितले जाते ती क्लचवाल्या गाडीतही बसवून मिळते.

आता ‘ऑटोमॅटिक’ या नावाखाली काय काय विकले जाते ते बघा. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हणून घरोघरी पोचली. तिच्यात क्लच प्लेट तीच असते. फरक इतकाच की पेडल दाबायला माणसाच्या पायाऐवजी एक यंत्र असते. घाटातल्या रांगेत एक्सिलरेटरवर पाय ठेवून अशी गाडी तोलून धरली की तीच प्लेट तशीच घासते, फक्त डावा पाय मोकळा असल्याने दोष कोणाला द्यायचा ते कळत नाही. कोरड्या प्लेटांची डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक, असली तरी तेच. तीही तापते आणि समोरच्या पडद्यावर ‘थांबा’ म्हणते. ‘क्लच जळतो म्हणून ऑटोमॅटिक घेतली’ असे एएमटीवाला म्हणतो तेव्हा त्याने गाडीचे माहितीपत्रक पुन्हा एकदा वाचलेले बरे.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे विरुद्ध पक्षाचे जे खरे आहे ते दिलेच पाहिजे. थारच्या आणि जिमनीच्या ऑटोमॅटिकमध्ये तो असतो. त्यात घासणारी चकती नसून तेलातून जोर पोचवला जातो, आणि गाडी अगदी हळू असताना तो जोर वाढवूनही देतो. मोठमोठ्या दगडांवरून इंच इंच चढायचे असेल तर असा गिअरबॉक्स मॅन्युअलपेक्षा सोपा आहे, बऱ्याचदा सरसही. गुडघे दुखणाऱ्याने, वय झालेल्याने तो जरूर घ्यावा. मॅन्युअल चालवणे म्हणजे मर्दानगी, असे मानणाऱ्यांत मी नाही. माझा आक्षेप फक्त ‘मॅन्युअलने चढ चढवत नाही’ या वाक्याला आहे. ते वाक्य खोटे आहे. फोर्सची गुरखा आजही फक्त मॅन्युअलमध्येच मिळते, पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना डिफरन्शियल लॉक घेऊन, आणि ती काय सपाट रस्त्यावर भाजी आणायला बनवलेली नाही. मारुतीची जिप्सी १९८५ ला आली. बंद होईपर्यंत तिला कधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लागला नाही, आणि जंगलांमध्ये, लष्करात ती काय काय चढली नाही? तिच्यात तर टर्बोही नव्हता.

तिच्याजवळ होता तो लो, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा गियरसंच; नेहमीचा तो हाय. इथे खरी गोम आहे, आणि इथे मला आपल्याच, म्हणजे मॅन्युअलच्या कैवाऱ्यांशी भांडायचे आहे, कारण मॅन्युअलची बदनामी सर्वांत जास्त त्यांनी केली आहे. ३० अंशांचा कच्चा चढ घ्या. तिथे गाडीच्या वजनाचा निम्मा भार तिला मागे ओढत असतो. दोन टनांच्या गाडीला नुसते जागेवर राहायलाच टनभर जोर हवा. हे पाहून आपले वीर काय करतात? मागे जाऊन धाव घेतात. हायमध्येच पहिला टाकतात, ‘दाब रे दाब’ असा ओरडा होतो, गाडी निम्म्या चढावर पोचते, चाके मुरूम उधळतात, इंजिन दमते, आणि ऐन चढावर क्लच दाबून रेस वाढवली जाते. क्लच दाबला त्या क्षणी इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटला. आता गाडी डोंगराच्या ताब्यात.

याउलट चढाच्या पायथ्याला उभे राहून फोर-लो लावा. नव्या थारमध्ये लो लावल्यावर प्रत्येक गियरचा जोर २.४८ पट होतो, जिमनीत जवळपास दुप्पट. वेग त्याच प्रमाणात कमी होतो, आणि तेच तर हवे असते. पहिला गियर टाका, क्लच पूर्ण सोडा, पाय फरशीवर. डिझेल गाडी असेल तर बहुतेक चढ ती एक्सिलरेटरला पाय न लावताच, माणसाच्या चालीने, चढू लागते. चाकाखाली दगड आला की बॉनेट जरा थांबल्यासारखे होते, इंजिनाचा आवाज खाली बसतो, तळवा टेकवलेल्या फरशीतून तो हादरा कळतो, आणि मग चाक दगडावर चढते. धूळ नाही, वास नाही, ओरडा नाही. बघायला आलेल्यांची निराशा होते खरी. रील करायला यात काही नाही.

काळ्या मातीला हा नियम जसाच्या तसा लावू नये. पाऊस झालेल्या काळ्या मातीत टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे लोच्या पहिल्यात जोर इतका असतो की चाक जागीच फिरते. लोचा दुसरा, थोडी चाल, आणि हात स्टिअरिंगवर हलका. तिथे धाव उपयोगी पडते. कुठे धाव आणि कुठे सावकाशी, हे ठरवणारा माणूस लागतो. मॅन्युअलमध्ये तो ठरवतो, आणि गाडी त्याच्या मताविरुद्ध वरचा गियर घेत नाही.

चढ अर्ध्यावर हुकला तर काय, हे न शिकवताच लोकांना चढावर सोडले जाते. इंजिन बंद पडले तर घाबरण्यासारखे काही नाही. ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा. जुन्या जिप्सीत, जुन्या महिंद्रा जीपमध्ये रिव्हर्स टाकून गियरमध्येच चावी मारता येत असे. आजकालच्या बहुतेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नाहीत, तेव्हा ब्रेकवर उभे राहून चालू करा, लोचा रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि मगच ब्रेक. गाडी इंजिनाच्या पकडीवर सरळ खाली येते. क्लच दाबून घरंगळत यायचे नाही, आणि चढावर आडवी करून वळवायची तर अजिबात नाही. गाड्या उलटतात त्या अशा आडव्या झाल्यावर.

एक चूक याच्या अगदी उलटी आहे. डांबरी घाटातही फोर, म्हणजे चारही चाकांचा जोर, लावून जाणारे महाभाग आहेत. थार, जिमनी, जिप्सी यांच्या फोरमध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात, मागची कमी. मुरमावर टायर घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर तो गिअरबॉक्सच्या पोटात साठतो. घाट टूमध्येच चढायचा.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या डोंगरांत यंत्राआधीचीही एक चढण नोंदलेली आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गड घेतला, तेव्हा कर्नल स्टीव्हनसनची तुकडी मागच्या डोंगरांतून वळसा घालून उत्तरेच्या बाजूला आली. जड तोफा माणसांनी हातांनी ओढल्या, वाटही सैन्याने आधी स्वतःच तयार केली, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. धाव घेऊन तोफ चढत नाही, हे त्यांना तेव्हा कळलेले होते.

उताराबद्दल कोणी बोलत नाही, कारण उतारावर क्लचचा वास येत नाही. तिथे ब्रेकचा येतो. ‘डी’मध्ये ठेवून ब्रेक दाबत दाबत चिखलदऱ्याहून खाली येणारी गाडी धामणगाव गढीला पोचेपर्यंत तिची चाके हात लावू देत नाहीत. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गियर धरून ठेवायची सोय असते, काहींत उतारावर आपोआप ब्रेक सांभाळणारी यंत्रणा असते. पण पाय मोकळा मिळाला म्हणून ज्याने गाडी घेतली तो ती बटणे शोधत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे मॅन्युअलवालेही तितकेच दोषी. आजच्या इंजिनात गियरमध्ये पाय काढून उतरताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट आयडलसाठी ते जळत राहते. ब्रेकही गेले आणि डिझेलही.

जगात मॅन्युअल संपले, असा शेवटचा बाण असतो. अमेरिकेत संपत आले आहे, खरे. तिथला माणूस मेळघाटातल्या हतरू किंवा रायपूरच्या बाजूला, मोबाइलला रेंज नसताना, बॅटरी बसलेली गाडी घेऊन उभा नसतो. मॅन्युअलला चार माणसांनी धक्का मारला की बहुतेक वेळा ती चालू होते. ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही, आणि चाके जमिनीवर ठेवून लांबवर टोचन करणेही तिच्या गिअरबॉक्सला सोसत नाही. मेळघाटात ही गोष्ट सोयीची की गैरसोयीची, ते ज्याचे त्याने ठरवावे. (मेळघाटात जायचे म्हणजे रस्ता सोडून कुठेही चढायचे नाही, हे वेगळे सांगावे लागते हीच लाज आहे. तो व्याघ्रप्रकल्प आहे, आणि नव्या थारचे टायर दाखवायला नरनाळ्याच्या किंवा वैराटच्या उतारांवर कोणाचा हक्क नाही.)

राहता राहिली घाटातली रांग, जिथे आजही सर्वांत जास्त क्लच जळतात. ती रांग का थांबते? अरुंद जागी चढणारी आणि उतरणारी गाडी समोरासमोर आली की उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हे १९८९ च्या रस्ता नियमावलीत होते आणि २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही आहे. कारण उघड आहे: उभ्या चढावर थांबून पुन्हा सुटणे सर्वांनाच कठीण, भरलेल्या एसटीला तर फारच. प्रत्यक्षात उतरणारा नाक पुढे घालतो, चढणारा वळणाच्या पोटात अडकतो, त्याच्या मागे आणखी वीस जण अर्ध्या क्लचवर उभे राहतात. असा नाक घालून हॉर्न वाजवणाऱ्याची गाडी ऑटोमॅटिक असो की मॅन्युअल, त्याने आधी ती दहा फूट मागे घेऊन कडेला लावावी आणि वर येणारी एसटी जाऊ द्यावी. मॅन्युअलने चढ का चढवत नाही, यावर त्याचे मत मी त्यानंतर ऐकायला तयार आहे.